चलच्चित्रांतील तयार करामती : उपयोग आणि धोका



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. बोनस, वेतनकरार, ठेकेदारी यांवर तो बोलेल आणि टेबलावर मूठ आपटून खाली बसेल. आज आम्ही विषय निराळा घेतला आहे. संगणकावर चालती चित्रे, म्हणजे ज्याला आपली मुले ॲनिमेशन म्हणतात ती, तयार करताना त्या यंत्राच्या पोटात आधीच भरून ठेवलेल्या ज्या करामती मिळतात, त्यांचा उपयोग कसा करावा आणि त्यांच्यापासून सावध कसे राहावे, हा तो विषय. घुग्घुससारख्या कोळशाच्या आणि सिमेंटच्या गावात याचे काय काम, असे कोणी विचारील. व्याख्यान संपेपर्यंत त्याचे उत्तर आपोआप मिळेल असा आमचा विश्वास आहे.

प्रथम थोडा इतिहास. चित्र चालत नसते, चालल्याचा भास होतो. एकापाठोपाठ एक, थोडा थोडा फरक असलेली चित्रे वेगाने डोळ्यांसमोरून गेली की डोळा फसतो. चित्रपटाचे प्रमाण सेकंदाला २४ चित्रे. म्हणजे एका मिनिटाला १४४० चित्रे झाली. ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आणला हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या आधी १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेत अंकुराचा वेल होताना दाखवला, हे कमी लोकांना माहीत असते. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तीत आगपेटीतल्या काड्या आपल्या पायांनी हिंडतात. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. यामागे मोठे यंत्र नव्हते. बोटे होती आणि चिकाटी होती. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबू काका' हे व्यंगचित्रांचे चलच्चित्र काढले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्र विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' तयार झाले. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेले आणि भीमसैन यांनी चित्रे चालवलेले 'एक अनेक और एकता' १९७४ सालचे. जाळ्यासकट उडणाऱ्या पाखरांची ती गोष्ट इथल्या प्रौढांपैकी बहुतेकांनी दूरदर्शनवर पाहिली असेल. आम्हांला विचाराल, तर संघटनेवरचे इतके सोपे व्याख्यान दुसरे झालेले नाही.

आता या धंद्यातल्या श्रमाकडे वळू. मुख्य चित्रकार उडीचे पहिले चित्र काढतो आणि शेवटचे काढतो. मधली दहाबारा चित्रे काढायला हाताखालची माणसे असत. नाव मुख्य चित्रकाराचे, पाठीचा काटा ढिला होई तो या मधल्यांचा. अमेरिकेत १९३७ साली फ्लायशर स्टुडिओत आणि २९ मे १९४१ पासून डिस्नेच्या स्टुडिओत संप झाले, त्यामागे या मधल्या माणसांच्या पगाराचा मोठा प्रश्न होता. डिस्नेकडला आर्ट बॅबिट हा वरच्या पगाराचा नामांकित चित्रकार होता, तरी तो हाताखालच्यांच्या बाजूने उभा राहिला आणि संपात उतरला. अखेर डिस्नेला कामगारांची संघटना मान्य करावी लागली. उंदराची टोपी घालून हसणारी मुले हे जाणत नाहीत. जाणावे असा आमचा आग्रह नाही. पण मोठ्यांनी जाणावे.

हीच मधली चित्रे यंत्राकडून काढून घेण्याची कल्पना कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी प्रत्यक्षात आणली. त्या यंत्रावर पीटर फोल्डेस यांनी केलेले, भुकेवरचे चलच्चित्र १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला कान महोत्सवात गौरव मिळाला. योगायोग पाहा, 'एक अनेक और एकता'चे वर्ष हेच. चित्रकाराने दोन टोके द्यायची आणि मधले यंत्राने भरायचे, ही पहिली तयार करामत. आज कोणत्याही चलच्चित्राच्या साधनात ती इतकी मुरलेली आहे की तिला कोणी करामत म्हणत नाही. पण आमच्या विषयाची मेख इथेच आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

बोलायला सोपे जावे म्हणून एकच साधन घेतो, ब्लेंडर. ते घेण्याचे कारण असे की ते फुकट मिळते, आणि ते फुकट का मिळते ही हकिकत आमच्या धंद्याशी जुळणारी आहे. ज्या कंपनीचे ते होते ती २००२ साली बुडाली. साधन धनकोंच्या ताब्यात गेले. तेव्हा ते रचणाऱ्या टॉन रूझेंडाल याने जगभरच्या वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली. सुमारे सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. गिरणी बंद पडल्यावर कामगारांनी पट्टी काढून ती विकत घ्यावी आणि सर्व गावाला वापरायला द्यावी, अशातला हा प्रकार. याच्या उलट रीत ॲडोबी कंपनीची. तिने २०१३ सालापासून आपली नवी साधने विकणे सोडून भाड्याने देण्याचे धोरण घेतले. भाडे थांबले की अवजार हातातून गेले. कोणती रीत कोणाच्या हिताची, हे या गावातल्या माणसाला आम्ही वेगळे सांगायला नको. आणखी एक सोय आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात अशा मुक्त साधनांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून बोलून समजावलेले आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून हात आखडण्याचे कारण उरलेले नाही.

आता करामतींकडे येतो. खाणीत अपघात कसा घडतो, हे नव्या कामगाराला दाखवायचे आहे असे समजा. भूमिगत खाणीची गॅलरी, तीन मीटर उंच. छताचा दगड सुटतो. आपल्याकडे त्याला 'चाल पडली' म्हणतात. चित्र करणारा पोरगा दगड वर ठेवतो, एक खूण करतो; दगड खाली ठेवतो, दुसरी खूण करतो; मधले यंत्र भरते. काम झाले असे त्याला वाटते. पण यंत्राची न सांगता चालणारी रीत अशी की प्रत्येक हालचाल सावकाश सुरू होते आणि सावकाश थांबते. हात हलवायला, मान वळवायला ही रीत चांगली. दगडाला ती लागू केली की दगड जमिनीपाशी येऊन हळूच टेकतो. असे एक चित्र आम्ही कामगारांच्या एका घोळक्यात बसून पाहिले आहे. आमच्या शेजारचा एक जुना खाणकामगार मोठ्याने म्हणाला, "हा गोटा आहे का कापूस आहे जी?" सगळे हसले. त्या हशात तो धडा बुडाला.

आता हिशेब करू. तीन मीटरवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सेकंदाच्या पाऊण भागाहून किंचित अधिक वेळ लागतो. चित्रांत मोजायचे तर सुमारे १९ चित्रे. पहिल्या ६ चित्रांत तो अवघा ३१ सेंटिमीटर उतरतो. १२ व्या चित्राला तो सव्वा मीटर खाली आलेला असतो आणि १३ व्या चित्राच्या सुमारास उभ्या माणसाच्या डोक्यावर असतो. म्हणजे सुटल्यापासून डोक्यापर्यंत अर्धा सेकंद. 'आवाज आला की पळू' असे जो म्हणतो, त्याच्या हातात एवढाच वेळ आहे. हा अर्धा सेकंद खरा दाखवला तर नवा कामगार समजतो की पळण्यावर विसंबता येत नाही. छत आधी ठोकून पाहावे लागते, आधाराखाली राहावे लागते, आधार न लागलेल्या छताखाली जायचे नसते. यंत्राने भरलेली गुळगुळीत मधली चित्रे त्याला शिकवतात की दगड येताना दिसेल आणि आपण बाजूला होऊ. चित्र दोन्ही वेळा सुंदरच दिसते. एक जीव वाचवते, दुसरे घेते.

यावर उपाय त्याच यंत्रात आहे. वेगाच्या वक्रांची तयार यादी तेथे दिलेली असते. तिच्यात वर्गाच्या प्रमाणात वाढणारा, क्वाड्रॅटिक नावाचा वक्र आहे. पडत्या वस्तूचा नियम नेमका तोच. एक कळ दाबायची आणि दगड दगडासारखा पडतो. पण कोणती कळ दाबायची हे कळण्यासाठी दगड कसा पडतो हे ठाऊक असावे लागते. यंत्रात उसळणारा वक्र आहे, रबरासारखा ताणणारा वक्र आहे. गंमत म्हणून पोरगा तोही लावून बसेल.

कोणी म्हणेल, गुरुत्वाकर्षणाचे गणित यंत्रावरच सोपवा. तीही सोय आहे. वस्तूला घन पदार्थ ठरवले की यंत्र ती स्वतः पाडते, आपटवते, घरंगळवते. पण त्याचे गणित मीटरमध्ये चालते. कामाला सोपे पडावे म्हणून तीन मीटरची गॅलरी तीस एककांची काढली, तर यंत्र तिला तीस मीटरच समजणार. मग दगड पडायला अडीच सेकंद लागतात, म्हणजे तिप्पट वेळ. यंत्राचे गणित अचूक असते. माप देणाऱ्याने चूक केली की अचूक गणिताने चुकीचे उत्तर येते. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे नवीन नाही.

दुसरी करामत स्फोटाची. ब्लेंडरमध्ये एका यादीत झटपट इफेक्ट मांडून ठेवले आहेत. झटपट स्फोट, झटपट धूर, झटपट द्रव, झटपट केस. खडकाचा ठोकळा निवडा, स्फोटाची कळ दाबा, ठोकळ्याच्या चिंधड्या चहूकडे उडतात. पण संगणकातला ठोकळा आतून पोकळ असतो. फुटतात त्या त्याच्या बाजू, अंड्याच्या कवचासारख्या पातळ. खऱ्या खडकाचे तुकडे हवे असतील तर आधी त्याचे घन तुकडे पाडून घ्यावे लागतात. त्यासाठी वेगळी जोड मिळते. आणि उघड्या खाणीतले ब्लास्टिंग असे चहूकडे उडत नाही. भोकांची रांग एकदम उडवत नाहीत, मिलिसेकंदांच्या अंतराने एकापाठोपाठ उडवतात. चलच्चित्रातल्या एका चित्राचा अवधीच सुमारे ४२ मिलिसेकंद, म्हणजे दोन भोकांमधले अंतर कित्येकदा एका चित्रात मावते. खडक फुगतो, मोकळ्या बाजूकडे सरकतो आणि ढासळतो. नारिंगी आगीचा लोळ उठतो तो सिनेमात. प्रत्यक्षात माणूस मारतो तो चुकार दगड, जो रांगेतून निसटून दूर जातो. चित्रात शंभर तुकडे चहूकडे उडवले की तो एक दगड त्यांत लपतो. चांगले चित्र करायचे तर सर्व खडक शांतपणे ढासळू द्यावा आणि एकच दगड धोक्याच्या हद्दीपर्यंत नेऊन दाखवावा. सायरन का वाजवतात आणि पहाऱ्याचा माणूस रस्ता का अडवतो, हे पाहणाऱ्याला तेव्हा समजते.

तिसरी करामत धुराची, आणि तिच्याबद्दल आम्हांला सर्वांत जास्त बोलायचे आहे. झटपट धूर सुंदर दिसतो. वस्तूतून निघून गिरक्या घेत वर जातो. खाणीतल्या आगीचे चित्र करताना तो लावण्याचा मोह कोणालाही होईल. पण यात दोन खोटेपणा आहेत. एक असा की खाणीत धूर सरळ वर जायला आभाळ नसते. हवा आत येण्याचा रस्ता आणि बाहेर जाण्याचा रस्ता ठरलेला असतो आणि धूर त्या वाऱ्याबरोबर गॅलरीतून वाहतो. म्हणून हवा कोणत्या दिशेने वाहते हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असावे लागते; धूर त्याच वाटेने येणार. यंत्रात वारा नावाची एक शक्ती घालता येते. तिची दिशा खाणीच्या नकाशावरून घेतली की चित्र खरे होते.

दुसरा खोटेपणा अधिक घातक आहे. कोळशाच्या आगीत माणूस मरतो तो बहुधा धुराने भाजून नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने. त्या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. जुन्या इंग्लंडात खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत, तो यासाठीच. ती पद्धत १९८६ साली संपली. जो कामगार चित्रात काळा धूर पाहून शिकला, त्याची समजूत होते की धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही. तो धूर ओसरल्यावर आत जातो आणि तिथेच बसकण मारतो. मिथेनचेही तसेच. तोही दिसत नाही, हलका म्हणून छतापाशी साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की ठिणगीने उडतो.

मग न दिसणारी गोष्ट चित्रात कशी दाखवायची? इथे करामत खरोखर उपयोगी पडते. कणांची तयार योजना असते. हजारो ठिपके सोडता येतात, त्यांना वजन देता येते, वारा लावता येतो. वायूचे ठिपके लाल करावेत आणि पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे की हा रंग आम्ही दिला आहे, वायूला रंग नसतो. मग तेच दृश्य दुसऱ्यांदा दाखवावे, ठिपके काढून. तीच गॅलरी, तोच दिवा, तीच स्वच्छ हवा आणि माणूस खाली कोसळतो. एवढ्यासाठी कोणतीच करामत लागत नाही, आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. करामत कुठे लावावी याइतकेच ती कुठे काढून घ्यावी हे समजणे, यात या कलेची अर्धी अक्कल आहे.

चौथी गोष्ट स्क्रिप्टची. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेले हुकूम. ब्लेंडरमध्ये ते पायथन नावाच्या भाषेत असतात. नाव ऐकून घाबरू नये. अंकाच्या चौकटीत # हे चिन्ह आणि पुढे frame हा शब्द (देवनागरीत वाचायचा तर 'फ्रेम') इंग्रजीत टंकला की चित्राचा क्रमांकच तो अंक होतो आणि वस्तू आपोआप हलू लागते. उपयोगाचे उदाहरण डंपरचे घ्या. चाकाचा व्यास दोन मीटर असेल तर एका फेऱ्यात तो सुमारे ६.२८ मीटर पुढे जातो. चाकाचे फिरणे डंपरच्या अंतराला एका ओळीच्या सूत्राने बांधून टाकले की डंपर कुठेही न्या, चाक बरोबर फिरते. अंदाजाने फिरवले तर चाक घसरताना दिसते आणि आमचा डंपरचालक प्रेक्षकांतून विचारतो, ब्रेक लागला का? त्याचे लक्ष मग धड्यावरून उडाले.

दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट वापरताना मात्र एक नियम पाळावा. परक्या फायलीत आलेले हुकूम ब्लेंडर आपण होऊन चालवत नाही, आधी विचारते. पुष्कळ लोक ही चौकी त्रास म्हणून कायमची उठवून टाकतात. स्क्रिप्ट चित्र हलवू शकते तशी आपल्या संगणकातल्या फायली पुसूही शकते. आम्ही तीस वर्षे कामगारांना एकच सांगत आलो : न वाचता सही करू नका, समजल्याशिवाय अंगठा उठवू नका. संगणकापुढेही तोच सल्ला लागू आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या मूळ धंद्याचा. या करामतींनी श्रम वाचतो हे निर्विवाद. पूर्वी ज्या पावसाच्या सरीला चार माणसे आठवडाभर खपत, ती आज एक मुलगी दुपारी करते. यंत्राला शिव्या देण्याची आमची परंपरा नाही. घमेल्याने कोळसा वाहण्यात काही थोरवी होती असे आम्ही कधी म्हटले नाही. आमचा प्रश्न एवढाच असतो, की वाचलेला वेळ कोणाचा झाला? तो जर चित्र स्वस्त आणि घाईने उरकण्यात गेला, तर मुलीची मजुरी घटली आणि चित्रही खोटे झाले. तोच वेळ तिला खाणीवर जाऊन दगड, धूळ, वारा, माणसांचे चालणे पाहण्यात घालवू दिला, तर यंत्राचे सार्थक झाले. तयार पाऊस सगळ्या जगाला एकच मिळतो. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस ओबीच्या ढिगांवर पडतो, तेव्हा डंपरच्या रस्त्याचा चिखल होतो आणि उतारावर गाडी सरकते. तो पाऊस कोणत्याही यादीत नाही. तो इथल्या माणसानेच चित्रात घातला पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या गावातल्या आणि चंद्रपूरच्या मुलामुलींनी ही विद्या शिकावी. साधन फुकट आहे, पाठ मराठीत मिळतात. सुरक्षिततेचे कोणतेही चलच्चित्र प्रशिक्षण वर्गात लावण्यापूर्वी ते मायनिंग सरदार, शॉटफायरर, डंपरचालक आणि दोन जुने खाणकामगार यांना दाखवावे. त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे आणि त्याप्रमाणे चित्र दुरुस्त झाल्यावरच ते वर्गात न्यावे. या तपासणीसाठी त्यांना हजेरी मिळावी, कारण तेही काम आहे. आणि चित्र करणाऱ्याचे नाव शेवटी पडद्यावर यावे, मधली चित्रे भरणाऱ्यासकट. यंत्राने भरली असतील तर यंत्राचे नाव घालण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाने ती पाहून, चुकीची काढून, बरोबर केली, त्याचे नाव आले पाहिजे.

 प्रश्न असतील ते अवश्य विचारावेत. विशेषतः खाणीतून आलेल्यांनी विचारावेत, कारण या विषयात परीक्षक तेच आहेत.